कॉलनीतली शाळा एप्रिलअखेर बंद होतेय, आता काय करायचं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: आमची कॉलनी नगरपालिका हद्दीत, शहराच्या कडेला आहे. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका संस्थेने इथे विनाअनुदानित इंग्रजी माध्यमाची शाळा काढली. शाळा जवळ म्हणूनच बहुतेकांनी इथे घरं घेतली. गेल्या आठवड्यात मुलांच्या डायरीतून पत्रक आलं, की पटसंख्येअभावी ३० एप्रिलपासून शाळा कायमची बंद. माझी मुलगी आठवीत आहे. मुलगा तिसरीत, त्याचा प्रवेश आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखालच्या मोफत जागेवर झालाय. सासऱ्यांचं शाळेसमोर स्टेशनरी आणि गणवेशाचं दुकान आहे. शिक्षकांचे चार महिन्यांचे पगार थकलेत. शाळेच्या जागेवर टॉवर येणार अशी कुजबुज आहे. काही पालक म्हणतात, वर्गणी काढून आपणच शाळा चालवू. शाळा वाचेल का? नाही तर नेमकं कशाच्या मागे लागायचं? (एक पालक)

ताई,

शाळा वाचेल का, याचं उत्तर आधी देऊन टाकतो, म्हणजे पुढचे महिने वाया जाणार नाहीत. चार महिने पगार थकवलेली आणि ‘पटसंख्येअभावी’ असं लेखी देऊन मोकळी झालेली संस्था मोर्चामुळे पुन्हा शाळा चालवायला बसत नाही. वाचण्याची एकच खरी शक्यता असते: दुसऱ्या संस्थेने शासनाच्या परवानगीने शाळा चालवायला घेणं. तशी संस्था पुढे येत असेल तर तिला तीन प्रश्न विचारा. मान्यता आणि यू-डायस क्रमांक (शाळेचा सरकारी ओळख क्रमांक) हाच राहणार का? आताचे शिक्षक आणि थकीत पगार कोणाच्या अंगावर? इमारत भाड्याने मिळणार की नावावर, आणि किती वर्षांसाठी? तीन आठवड्यांत याची लेखी उत्तरं आली नाहीत तर तो विषय सोडा.

वर्गणीची कल्पना तर आजच मिटवा. शाळा चालवायला नोंदणीकृत संस्था लागते, जागेचा हक्क लागतो, शासनाची मान्यता लागते. जूनपर्यंत यातलं काहीही होणार नाही, आणि वर्गणीच्या हिशेबावरून कॉलनीत भांडणं मात्र नक्की होतील. वर्गणी काढायचीच तर वकिलाच्या फीसाठी काढा. ती कशाला लागेल ते पुढे येईलच.

आता मुद्द्याचं. शाळा बंद झाली की सगळ्यात आधी शिक्का जातो. मुख्याध्यापक, क्लार्क, शिक्का आणि संगणकाचं लॉगिन ही चारही एका छताखाली आहेत तेवढ्या दिवसांत जे काम होतं, त्यासाठी नंतर पंचायत समितीचे खेटे घालावे लागतात. म्हणून पालकांची पहिली बैठक दाखले आणि नोंदींवर घ्या. जागेचा विषय दुसऱ्या बैठकीत.

शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही, हे तिथलं सगळ्यात मोलाचं पुस्तक. दाखला हा त्यातला उतारा असतो. नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात-पोटजात ही मूळ नोंद त्यात असते. आधी प्रत्येक पालकाने आपल्या मुलाच्या नोंदीची झेरॉक्स मागून घ्यावी आणि ती जन्मदाखला व आधारशी ताडून पाहावी. आईच्या नावातली वेलांटी, आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग, जन्मतारखेतला फरक, जन्मस्थळाचा तालुका, जातीचा कोरा रकाना ही नेहमीची ठिकाणं. चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच द्या. मूल पटावर असताना मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव जातो आणि दुरुस्ती होते. एकदा दाखला निघून मूल पटावरून उतरलं की तीच दुरुस्ती फार अवघड होऊन बसते, आणि इथे तर प्रस्ताव पाठवायला मुख्याध्यापकच उरणार नाहीत.

नोंद नीट झाली की शाळा सोडल्याचा दाखला घ्या. त्यावर रजिस्टर क्रमांक, अकरा अंकी यू-डायस क्रमांक, विद्यार्थ्याचा आयडी, अक्षरी जन्मतारीख, शेवटची इयत्ता आणि सोडल्याची तारीख आहे का ते काउंटरवर उभं राहूनच पाहा. त्यासोबत सर्व वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि रजिस्टरच्या उताऱ्याची साक्षांकित प्रत घ्या. फी बाकी आहे म्हणून दाखला अडवला, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ प्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा बदलताना मुख्याध्यापकांनी दाखला तातडीने द्यायचा असतो. दाखला उशिरा आला म्हणून शासकीय, नगरपालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेला प्रवेश अडवता येत नाही. खासगी विनाअनुदानित शाळेला मात्र हे कलम असं बांधून घालत नाही. ती दाखल्याशिवाय दारात उभं करणार नाही, म्हणून तिकडे जाणाऱ्यांनी दाखल्याची घाई जास्त करायची.

कागदी दाखला मिळाला म्हणजे झालं, असं बहुतेकांना वाटतं. पण यू-डायस प्लस या शाळा-विद्यार्थी नोंदीच्या सरकारी पोर्टलवर जुन्या शाळेने प्रत्येक मुलाचा वार्षिक निकाल भरून त्याला ‘शाळा सोडली’ असं दाखवावं लागतं. मग तो ड्रॉपबॉक्समध्ये, म्हणजे शाळा सोडलेल्यांच्या यादीत जातो आणि तिथून नवी शाळा त्याला आपल्याकडे ओढून घेते. जुन्या शाळेने हे न करताच कुलूप लावलं तर मूल वर्गात बसतं, पण पोर्टलवर जुन्याच शाळेत राहतं, आणि पोर्टलवर नाही म्हणजे नव्या शाळेच्या पटावर नाही. क्लार्कचा पगार थकलेला असताना तो मे महिन्यात येऊन चारशे मुलांची ही भरणी करेल, अशी आशा धरू नका. निकालानंतर लगेच, शाळा सुरू असतानाच, हे करून घेण्याची तारीख मुख्याध्यापकांकडून लेखी घ्या आणि पत्राची प्रत केंद्रप्रमुखांना द्या. आधारवरचं नाव आणि पोर्टलवरचं नाव जुळत नसेल तर तेही आताच जुळवा.

आणि रजिस्टरं? ती कोणाच्या ताब्यात जाणार हे लेखी ठरवून घ्या. गटशिक्षणाधिकाऱ्यांना सर्व पालकांच्या सहीचं एक पत्र द्या: जनरल रजिस्टरं, निकालपत्रकं, दाखल्यांची स्थळप्रत बुकं यांची यादी करून, पानं मोजून, पंचनाम्याने ताबा घ्यावा आणि पुढे नक्कल कोणत्या कार्यालयातून मिळेल ते जाहीर करावं. हे फक्त आताच्या मुलांसाठी नाही. पंचवीस वर्षांत या शाळेतून बाहेर पडलेल्यांची आता लग्नं झालीत, मुलं झालीत. त्या मुलांच्या जात पडताळणीला वडिलांचा शाळेचा पुरावा लागतो. रजिस्टरं विश्वस्तांच्या गोदामात वाळवी खात पडली तर त्याची झळ आणखी वीस वर्षांनी लागेल. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आजच कळवा की ज्याला उतारा हवा त्याने एप्रिलच्या आत अर्ज करावा.

तुमच्या मुलाचं प्रकरण वेगळं आहे. त्याला पुन्हा आरटीईच्या ऑनलाइन सोडतीत बसवा असं कोणी सांगेल, ते ऐकू नका. ती सोडत प्रवेशस्तरासाठी असते, तिसरी-चौथीसाठी नाही. आठवीपर्यंत मोफत शिक्षण हा त्याचा हक्क शाळेबरोबर बंद होत नाही. पण कलम ५ खाली शाळा बदलण्याचा हक्क थेट खासगी शाळेत जाण्याचा नाही, तो शासकीय आणि अनुदानित शाळांपुरता आहे. जवळच्या खासगी शाळेत आरटीईखालीच पुढे शिकायचं तर शिक्षणाधिकाऱ्यांचा समायोजनाचा, म्हणजे दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याचा आदेश लागेल. एकेकट्याने अर्ज केला की तो टेबलावर पडून राहतो. शाळेतल्या सगळ्या आरटीई मुलांची एक यादी करा: इयत्ता, मूळ निवडपत्राची प्रत, पत्त्याचा पुरावा, एक किलोमीटर आणि तीन किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांची नावं. ही यादी शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांना गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत द्या आणि पोच घ्या. तोंडी ‘बघू’ वर विसंबू नका. मे महिन्यापर्यंत हालचाल दिसली नाही तर त्याच कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका: या अर्जावर कोणत्या तारखेला काय कार्यवाही झाली? ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, आणि बऱ्याचदा फाईल त्या अर्जामुळेच हलते.

मुलीसाठी नववीची शाळा निवडताना फीच्या आधी दोन गोष्टी पाहा. नववी-दहावीची माध्यमिक मान्यता आहे का, आणि शाळेला बोर्डाचा स्वतःचा सांकेतांक आहे का. काही शाळा नववीचे वर्ग भरवतात आणि दहावीचे फॉर्म दुसऱ्याच शाळेच्या नावावर भरतात. पुढे गुणपत्रिकेवर न शिकलेल्या शाळेचं नाव येतं. तिसरी भाषाही विचारा. आठवीत संपूर्ण संस्कृत घेतलं असेल आणि नव्या शाळेत फक्त हिंदी किंवा संयुक्त असेल, तर ते जूनमध्ये कळण्यापेक्षा आता कळलेलं बरं. जी मुलं आत्ता नववीत आहेत त्यांच्या पालकांनी याहून जास्त घाई करावी, कारण दहावीच्या वर्गात बाहेरचं मूल घ्यायला शाळा नाखूश असतात. सीबीएसईत नववीलाच बोर्डाची नोंदणी होते, त्यामुळे तिथे दहावीला शाळा बदलायची तर बोर्डाची मंजुरी लागते.

पैशांचं पटकन सांगतो. प्रवेशाच्या वेळी भरलेली अनामत शाळा बंद झाल्यावर मागाल तर खात्यात काही नसेल. ती शेवटच्या हप्त्यात वळती करून घ्या, तसं लेखी पत्र सगळ्यांनी एकत्र द्या. पुढच्या वर्षाची कोणतीही रक्कम भरू नका. ग्राहक आयोगाचा रस्ता शाळांच्या बाबतीत बेभरवशाचा आहे, कारण शिक्षण ही ‘सेवा’ आहे का यावर निकाल पालकांच्या बाजूने सरसकट लागलेले नाहीत.

शिक्षकांना हे वाचून दाखवा. महाराष्ट्राच्या खासगी शाळा कर्मचारी सेवाशर्ती नियमावलीत (१९८१) शाळा बंद होण्यामुळे पद जात असेल तर कायम कर्मचाऱ्याला तीन महिने आधी सूचना देण्याची तरतूद आहे. मुलांच्या डायरीतलं पत्रक म्हणजे ती सूचना नव्हे. ‘स्वेच्छेने राजीनामा’ असं लिहिलेल्या कागदावर कोणीही सही करू नये, मग बदल्यात दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवला तरी. राजीनाम्यावर सही झाली की सेवासमाप्ती राहत नाही आणि शाळा न्यायाधिकरणाचं दार बंद होतं. तिथे अपिलाची मुदत आदेश हातात मिळाल्यापासून ३० दिवस आहे. पाच वर्षं सलग सेवा झालेल्या शिक्षकांनाही ग्रॅच्युइटी मिळते: मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले पूर्ण वर्षं. १३,००० रुपयांवर दहा वर्षं झाली असतील तर ७५,००० रुपये. पीएफ कापला जात होता का आणि भरला जात होता का, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पासबुक प्रत्येकाने आपलं आपण उघडून पाहावं. सेवापुस्तकाची साक्षांकित प्रत आणि शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी असलेला अनुभव दाखला मार्चमध्येच मागा. शिपाई, मावशी, बसचालक यांना आणखी एक मार्ग आहे. शिक्षक कायद्याने ‘कामगार’ धरले जात नाहीत, पण ही मंडळी धरली जातात, त्यामुळे ती कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाऊ शकतात.

आता जागा. टॉवरच्या कुजबुजीवर ओरडण्याआधी पाच कागद काढा: सातबारा किंवा मिळकत पत्रिका, नगरपालिकेतून त्या सर्व्हे नंबरचा झोन दाखला आणि भाग नकाशा, धर्मादाय कार्यालयातून संस्थेच्या परिशिष्ट एकचा (विश्वस्त आणि मालमत्तेच्या नोंदीचा) उतारा, तिथलाच गेल्या काही वर्षांतल्या बदल अर्जांचा (त्या नोंदीतले बदल कळवणाऱ्या अर्जांचा) तपशील, आणि जमीन शासनाने दिलेली असेल तर जिल्हाधिकाऱ्यांचा मूळ आदेश. त्यावरून चारपैकी एक चित्र निघेल. जमीन शासनाची, शैक्षणिक वापराच्या अटीवर असेल तर तुमची बाजू सगळ्यात भक्कम: वापर बदलला की शर्तभंग, आणि जिल्हाधिकारी ती परत घेऊ शकतात. विकास आराखड्यात शाळेचं आरक्षण असेल तर ते बदलायला नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली हरकती-सूचना मागवाव्या लागतात. त्या नोटिशीवर लक्ष ठेवायला एक माणूस नेमा, कारण हरकतींना महिन्याभराचीच मुदत असते आणि नोटीस राजपत्रात आणि वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात येते.

जमीन ट्रस्टच्या नावावर असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय ती विकता येत नाही. त्या प्रकरणात हितसंबंधी व्यक्ती म्हणून हजर राहण्यासाठी अर्ज करता येतो. वकिलाची फी म्हटलं ती याच कामाला. इथे एक चोरवाट आहे. जमीन विकायची नाही, संस्थाच विकायची. जुने विश्वस्त एकामागून एक राजीनामा देतात, बिल्डरची माणसं विश्वस्त होतात आणि सातबारा जसाच्या तसा राहतो. याचा माग फक्त बदल अर्जांत लागतो, म्हणून तो कागद मागवायचा. चौथं चित्र तुमच्या दृष्टीने वाईट: जमीन संस्थाचालकांच्या खासगी मालकीची, ट्रस्टला भाड्याने दिलेली, आणि आराखड्यात साधा निवासी विभाग. मग टॉवर थांबवायला कायद्याचं फारसं बळ नाही. तेव्हा शक्ती मैदानाच्या तात्पुरत्या वापरावर आणि रस्ता-ड्रेनेजच्या अटींवर लावा.

दरम्यान इमारत रिकामी राहणार. रिकामी शाळा सहा महिन्यांत ओसाड होते: आधी नळ आणि पंखे जातात, मग खिडक्या, मग रात्रीच्या बैठका सुरू होतात. संस्थेकडून रखवालदाराची लेखी हमी घ्या. त्याहून बरं म्हणजे इमारतीचा वापर चालू ठेवणं. ट्रस्टची इमारत तीन वर्षांपर्यंत भाड्याने द्यायला कलम ३६ ची पूर्वपरवानगी लागत नाही, विश्वस्तांचा ठराव पुरतो. नगरपालिकेने अभ्यासिका, अंगणवाडी किंवा वाढीव वर्गखोल्यांसाठी दोन-तीन खोल्या आणि मैदान घ्यावं, असा प्रस्ताव नगरसेवकांमार्फत द्या.

वाढीव वर्गखोल्या उगाच म्हटलं नाही. फी परवडणारी मुलं दूरच्या शाळांत जातील, उरलेली जवळच्या नगरपालिकेच्या शाळेत येतील. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या ६० मुलांना दोन शिक्षक, ६१ ते ९० ला तीन, ९१ ते १२० ला चार. राज्याचे संचमान्यतेचे, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे निकष अधूनमधून बदलतात, पण हिशेब ३० सप्टेंबरच्या पटावर होतो हे धरून चाला. म्हणजे ५८ च्या शाळेत जूनमध्ये ४० मुलं आली तर ती मुलं आणि आधीचीही ते वर्ष दोनच शिक्षकांवर काढणार. सप्टेंबरनंतर प्रवेश घेतलेली किंवा आधार न जुळलेली मुलं तर पुढच्या वर्षीही शिक्षक मिळवून देणार नाहीत. त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीशी एप्रिलमध्येच बसा, येणाऱ्या मुलांची इयत्तावार यादी द्या आणि तात्पुरत्या शिक्षकाची मागणी समितीच्या ठरावाने वर पाठवा. तिथल्या पालकांना तुमची मुलं म्हणजे गर्दी वाटू नये, याची ही एकच रीत आहे.

व्हॅनवाल्यांना नव्या शाळेच्या परिवहन समितीकडे जाऊन करार नव्याने करावा लागेल. त्यांनी कॉलनीतली मुलं एकत्र धरून, मार्गाचा नकाशा घेऊन जावं; एकेकटे गेले तर नव्या शाळेचे जुने व्हॅनवाले त्यांना उभं करणार नाहीत. मतदान केंद्र शाळेत असेल तर तहसील कार्यालयाला आताच कळवा.

सासऱ्यांच्या दुकानाचं शेवटी. शाळेचं नाव छापलेल्या वह्या, बॅज, टाय यांची नवी ऑर्डर अजिबात देऊ नका. बिनानावाचा माल वितरक परत घेतात, नावाचा घेत नाहीत, म्हणून उरलेला नावाचा माल एप्रिलच्या परीक्षेआधी पडत्या भावाने काढा. गणवेशातल्या साध्या पँटी आणि पांढरे शर्ट वेगळे ठेवा, ते दुसरीकडे चालतात. मुलांची यादी तयार झाली की कोणत्या तीन-चार शाळांत मुलं जाणार हे तुम्हाला कॉलनीत सगळ्यात आधी कळेल. त्या शाळांचे गणवेश आणि पुस्तकसंच मे महिन्यात मागवले, तर पाच-सहा किलोमीटर लांब जाण्यापेक्षा लोक समोरूनच घेतील. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाइन फॉर्म भरण्याची सोय मात्र याच महिन्यात सुरू करा, कारण वर सांगितलेल्या प्रत्येक अर्जाला तीन-तीन प्रती लागणार आहेत.